झोपेत चालणं म्हणजे स्वप्नात चालणं नव्हे

झोपेत चालणारं मूल अनेकांनी पाहिलेलं असतं. उठतं, उघड्या डोळ्यांनी दारापर्यंत जातं, कडी चाचपतं, हाक मारली तरी ओ देत नाही. सकाळी त्याला काही आठवत नाही. इथवर ठीक. मग कुणीतरी म्हणतं, ‘स्वप्नात चालत होतं.’ हे वाक्य मला आता ऐकवत नाही, कारण स्वप्नाबरहुकूम हातपाय चालवणं हा वेगळाच विकार आहे.

चालणं सुरू होतं ते गाढ झोपेतून, म्हणजे बहुधा झोप लागल्यावरच्या पहिल्या काही तासांत. मेंदूचा हालचालींचा भाग जागा होतो, बाकीचा झोपलेलाच राहतो. मोठ्या माणसाला कधी एखादं तुटक चित्र आठवतं, इतकंच. ठळक, गोष्टीसारखी स्वप्नं पडतात ती मुख्यतः आरईएम झोपेत, म्हणजे मिटल्या पापण्यांआड डोळे भराभर हलतात त्या झोपेत, आणि ही झोप पहाटेकडे लांबत जाते. त्या वेळी मेंदू हातापायांचे स्नायू पार सैल सोडतो, म्हणून स्वप्नात कितीही धावलं तरी आपण अंथरुणातच असतो. हा लगाम सुटला की डोळे मिटलेले, मूठ वळलेली आणि शेजारच्याला फटका. हलवलं तर माणूस चटकन भानावर येतो आणि सांगतो, ‘कुत्रा अंगावर आला होता.’ खोलीबाहेर तो सहसा जातच नाही. शेंक आणि महोवाल्ड या अमेरिकी डॉक्टरांनी 1986 साली हा विकार वेगळा काढून दाखवला.

मुलांचं चालणं बहुतेक वेळा वयाबरोबर थांबतं. पन्नाशीनंतर सुरू झालेलं हे झोपेतलं झुंजणं मात्र पार्किन्सन्स या मेंदूच्या आजाराची खूण असू शकतं, तीही हात थरथरायच्या कित्येक वर्षं आधी. काही नैराश्यावरच्या औषधांनीही ते सुरू होतं. ‘लहानपणी चालायचे, आता लाथा मारतात’ म्हणून ते हसण्यावारी नेणं मला अजिबात पटत नाही.

चालणाऱ्याला जागं केलं तर जिवावर बेततं, हे खोटं. तो गोंधळतो, क्वचित ढकलतो, म्हणून हाताला धरून परत निजवणं बरं. खरा धोका जिना आणि खिडकीचा. जागरण, ताप, झोपेच्या काही गोळ्या यांनी चालणं वाढतं, आणि वारंवार चालणारी मोठी माणसं दिवसा पेंगतात.

डॉक्टरांकडे जाताना वेळ लिहून न्या, जमल्यास मोबाइलवर टिपलेला व्हिडिओही. डोळे उघडे होते का, हे जरूर सांगा. झुंजण्याचं पक्कं निदान रात्रभराच्या स्लीप स्टडीत होतं. आरईएम झोपेत स्नायू सैल पडतात की नाही, ते तिथे आलेखावर दिसतं.