‘सुटलेलाच सोडवू शकतो, डॉक्टर कशाला?’

दारू सोडलेला माणूसच दुसऱ्याची दारू सोडवतो, डॉक्टरची गरज नाही, असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. त्यातलं अर्धं खरं आहे. ‘मीही यातून गेलोय’ हे ऐकून जो धीर येतो, तो सल्ल्याने येत नाही. म्हणून तर अनेक व्यसनमुक्ती केंद्रांत ‘पिअर एज्युकेटर’ (स्वतः व्यसनातून सुटलेला मदतनीस) हे पगारी पद असतं. पण त्याचं काम सोबतीचं: तलफ आली की फोन उचलणं, दारू सोडलेल्यांच्या मीटिंगला नेणं, घरच्यांना समजावणं. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम थांबवली, तर पहिल्या दोन-चार दिवसांत हात थरथरतात, भास होतात, कधी फिट येते. हे जिवावरही बेतू शकतं. तिथे औषधच लागतं, आणि चांगला पिअर स्वतःच दवाखान्यात धाडतो. केंद्रात ही सोय आहे का, याची खात्री करायचीय? तिथे थेट विचारा: डॉक्टर कधी येतात? रात्री फिट आली तर पेशंटला कुठे नेता?