स-क-न : थांबणं आणि राहणं

अरबी शब्दकोशात ‘मस्कन’, म्हणजे राहतं घर, शोधायला ‘म’ची पानं उघडली तर हाती काही लागत नाही. बहुतेक मोठे कोश धातूंच्या क्रमानं लावलेले असतात आणि ‘मस्कन’चा धातू आहे स-क-न. पुढचा ‘म’ फक्त जागा दाखवतो, ‘मस्जिद’मध्ये दाखवतो तसाच (स-ज-द, सजदा करणं).

धातू म्हणजे तीन व्यंजनं. स्वर आणि मागेपुढे जोडली जाणारी अक्षरं ठरलेल्या साच्यातून येतात. मूळ क्रियापद ‘सकन’: हलायचं थांबला, आणि वस्तीला राहिला. अर्थ वेगळे पडतात ते भाववाचक नामात. स्तब्धता असेल तर ‘सुकून’, राहणं असेल तर ‘सकन’. ‘साकिन’ (थांबलेला किंवा राहणारा) हे रूप दोन्हींकडे चालतं, पण अनेकवचन करा, लगेच फरक दिसतो: रहिवासी ते ‘सुक्कान’, स्वरहीन अक्षरं ती ‘सवाकिन’. (आपल्या जुन्या कागदपत्रांत नावापुढे येणारं ‘साकीन’ हेच.) मधलं व्यंजन दुप्पट केलं की दुसऱ्याला शांत करण्याचा अर्थ येतो, म्हणून वेदनाशामक गोळी ‘मुसक्किन’.

अरबी व्याकरणात स्वराला ‘हरकत’ म्हणजे हालचाल म्हणतात. स्वर नसलेलं अक्षर अर्थातच स्थिर. त्याच्या डोक्यावर छोटं वर्तुळ काढतात, तेच ‘सुकून’. काम आपल्या हलन्तासारखं, फक्त खाली नव्हे तर वर. अभिजात अरबीत उच्चाराची सुरुवात साकिन अक्षरानं होत नाही, म्हणून ‘ब्न’ला आधाराचा स्वर देऊन ‘इब्न’ म्हणतात. आधीच्या शब्दाला जोडून बोललं की तो आधार गळतो.

फसगत होते ती ‘मिस्कीन’ (गरीब) आणि ‘सिक्कीन’ (सुरी) या शब्दांत. जुन्या कोशकारांनी दोन्ही याच धातूत बसवले: गरिबी माणसाची हालचाल थांबवते, सुरी जनावराची. युक्तिवाद चतुर आहे, पण अरबीची भाषाभगिनी हिब्रू त्याला साथ देत नाही. या धातूतला अरबी ‘स’ हिब्रूत ‘श’ होतो: शाखन (राहिला), मिश्कान (निवास), शाखेन (शेजारी). सुरी मात्र तिथंही ‘सक्कीन’ आणि गरीब ‘मिस्केन’, दोन्हींत ‘स’च. दोन्ही शब्द अरबीत आले ते अरामी या त्याच कुळातल्या प्राचीन भाषेतून. ‘मिस्कीन’चा माग तर त्याहून मागे, बॅबिलोनच्या हम्मुराबी राजाच्या कायद्यातल्या ‘मुश्केनु’ या अक्कादी (प्राचीन मेसोपोटेमियातली भाषा) शब्दापर्यंत जातो. त्याचा धातूच वेगळा, अर्थ लवून नमस्कार करणं. अरबीतून पुढे तो युरोपात गेला: इटालियनमध्ये ‘मेस्कीनो’, फ्रेंचमध्ये ‘मेस्कँ’.