बंद घरात कोण राहतं?

आजोळी, रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका वाडीत, मामाच्या घराच्या वरच्या अंगाला एक बंद घर होतं. घरची माणसं मुंबईला. आधी गणपतीला आणि शिमग्याला यायची, मग नुसतं गणपतीला, पुढे तेही राहिलं. पुढच्या दाराला कुलूप होतं, पण मागची न्हाणी ढासळली होती आणि तिथून आत शिरता यायचं. मे महिन्याच्या दुपारी मोठी माणसं जेवून आडवी झाली की मी आणि माझा मामेभाऊ तिकडे पळायचो.

माजघरात कॅलेंडर होतं, जूनच्या पानावर थांबलेलं. दोरीवर एक पंचा, वाळून पापडासारखा कडक झालेला. कोनाड्यात रॉकेलची चिमणी. आणि चुलीमागच्या भिंतीवर कोळशाने ओढलेल्या रेघा. चार उभ्या, त्यांना छेदून एक आडवी, असे कितीतरी जुडगे. बहुतेकांभोवती गोल काढलेला, शेवटच्या सात रेघा मात्र तशाच, गोलाबाहेर. मामेभावाचं ठाम मत होतं की इथे कुणाला तरी कोंडून ठेवलं होतं आणि तो दिवस मोजत होता. मला ते पटायचं नाही, पण माझ्याकडे दुसरं उत्तरही नव्हतं. त्या सात रेघांसाठी आम्ही तीन उन्हाळे त्या घरात गेलो.

पडक्या, सोडून दिलेल्या वास्तूंत हिंडण्याचा नाद जगभर आहे. इंग्रजीत त्याला आता ‘अर्बेक्स’ असं सुटसुटीत नाव पडलंय, जपानीत अशा जागांना ‘हाइक्यो’ म्हणतात. बंद कारखाने, रिकामी इस्पितळं, ओसाड हॉटेलं शोधत माणसं फिरतात आणि फोटो काढतात. का, असं विचारलं की पहिलं उत्तर ठरलेलं असतं: थरार. ते खोटं नाही. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन यांनी माणसाला तिखट का आवडतं याचा पिच्छा पुरवला होता. त्यांचं म्हणणं असं की शरीर ‘आग लागली’ म्हणून ओरडत असतं, पण मनाला ठाऊक असतं की खरा धोका नाही, आणि या तफावतीतच मजा असते. ठेचा खाऊन नाक पुसत ‘आणखी वाढ’ म्हणणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. अंधाऱ्या खोलीत छातीत होणारी धडधड त्याच जातीची.

पण थराराने सगळं उलगडत नाही. जत्रेतल्या पाळण्यातून उतरलं की पाळणा डोक्यातून जातो. बंद घर जात नाही.

१९९४ साली जॉर्ज लोवेनस्टाइन या अमेरिकी संशोधकाने कुतूहलाची एक साधी व्याख्या मांडली. आपल्याला जे माहीत आहे आणि जे माहीत व्हावंसं वाटतं, त्यांच्यामधली फट जाणवली की कुतूहल जागं होतं, आणि ते खाजेसारखं असतं. खाजवल्याशिवाय चैन पडत नाही. महत्त्वाचं म्हणजे फट जाणवायला आधी थोडं माहीत असावं लागतं. ज्याचा गंधच नाही त्याबद्दल कुणाला हुरहूर लागत नाही. २००९ मध्ये कॅलटेकमधल्या संशोधकांनी माणसांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवून सामान्यज्ञानाचे प्रश्न विचारले. ज्या प्रश्नांचं उत्तर अजिबात सुचत नव्हतं आणि ज्यांचं अगदी पक्कं ठाऊक होतं, त्या दोन्हींबद्दल लोकांना कमी उत्सुकता होती. मधल्या, जिभेवर असल्यासारख्या वाटणाऱ्या प्रश्नांना ती सर्वाधिक. उत्सुकता वाढली की मेंदूतला ‘कॉडेट’ नावाचा भागही जास्त सक्रिय व्हायचा. बक्षिसाची चाहूल लागल्यावर जागा होणाऱ्या यंत्रणेतला हा भाग.

सोडून दिलेलं घर म्हणजे नेमका असा मधला प्रश्न. चूल कशासाठी, पंचा कशासाठी, हे सगळं आपल्याला ठाऊक असतं. फक्त कोण, कधी आणि का, एवढं गाळलेलं असतं. म्हणूनच मला किल्ला आणि बंद घर यांत फार फरक वाटतो. रायगडावर मीही उर भरून येणाऱ्यांपैकीच आहे, पण तिथे गोष्ट आपण घरूनच पाठ करून नेतो आणि दगडांवर ती लावून बघतो. बंद घरात गोष्ट आयती मिळत नाही. तिथला पंचा कुठल्याच इतिहासात नसतो.

शिवाय वास्तूची रचनाही आपल्याला पुढे ढकलत असते. मिशिगन विद्यापीठातल्या रेचेल आणि स्टीफन कॅप्लन या दांपत्याने लोकांना निरनिराळ्या जागांची चित्रं दाखवून कुठली आवडते ते विचारलं, वर्षानुवर्षं. त्यांना आढळलं की पुढे वळणारी वाट किंवा झाडीआड अर्धवट दिसणारं काहीतरी, म्हणजे ‘आणखी चार पावलं टाकलीस तर कळेल’ असं आश्वासन देणारी दृश्यं माणसाला खेचतात. याला त्यांनी ‘गूढता’ म्हटलं. आता जुन्या कोकणी घराचा नकाशा आठवा: अंगण, पडवी, ओटी, माजघर, त्यापलीकडे अंधारी खोली. प्रत्येक उंबरठ्याशी तेच आश्वासन.

मग भीती कुठून येते? फ्रँक मॅकअँड्र्यू या मानसशास्त्रज्ञाने ‘अंगावर काटा येणं’ या भावनेचाच अभ्यास केला. वाघ समोर आला तर काटा येण्याइतकी फुरसत नसते, आपण पळतो. काटा येतो तो धोका आहे की नाही हेच कळत नसेल तेव्हा. रिकाम्या घरात हे ‘कळत नाही’ फार असतं, आणि त्यात आवाजाचा वाटा मोठा. भरल्या घरातल्या गाद्या, कपडे, धान्याची पोती आवाज शोषतात. हे मोजलं वॉलेस सॅबिन या हार्वर्डच्या तरुण प्राध्यापकाने, १८९५ पासून. विद्यापीठाच्या नव्या व्याख्यानगृहात उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंद घुमायचा. सॅबिनने शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या उशा रात्री आणून अंथरल्या, घड्याळ लावून घुमणं मोजलं आणि सकाळच्या आत उशा परत नेऊन ठेवल्या. नाट्यशास्त्राची नाही, पण ध्वनिशास्त्राची अशी सेवा उशांनी क्वचितच केली असेल. सांगायचा मुद्दा, सामान गेलं की घर बोलायला लागतं. आपलंच पाऊल पलीकडच्या खोलीतून परत येतं आणि मेंदू विचारतो, ‘कोण?’

याच्याही पुढची एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. इंग्लंडमध्ये व्हिक टँडी नावाचा अभियंता रात्री प्रयोगशाळेत एकटा काम करत होता. त्याला घाम फुटला, डोळ्याच्या कोपऱ्यात करडी आकृती दिसली, वळून पाहिलं तर कुणी नाही. दुसऱ्या दिवशी शिकंज्यात अडकवलेलं त्याचं तलवारबाजीचं पातं आपोआप थरथरत होतं. शोध घेतल्यावर सापडला एक नवा पंखा, जो सेकंदाला सुमारे १९ कंपनांचा, म्हणजे कानाला ऐकू न येणारा ध्वनी सोडत होता. पंखा दुरुस्त केला, भूत गेलं. १९९८ साली हा लेख प्रसिद्ध झाल्यापासून तो भुताटकीचं शास्त्रीय उत्तर म्हणून मिरवतोय. पण नंतर लंडनमध्ये एक मुद्दाम बांधलेली खोली घेऊन तपासणी झाली. २००९ मध्ये निष्कर्ष आले: खोलीत विचित्र अनुभव पुष्कळांना आले, पण तो ध्वनी चालू आहे की बंद याच्याशी त्यांचा संबंध दिसला नाही. ‘काहीतरी वाटू शकेल’ एवढं आधी कानावर घातलं की वाटतंच, हीच शक्यता जास्त. मामेभावाच्या कोंडलेल्या माणसाचीही तीच कथा. त्याने सांगेपर्यंत मला त्या चुलीपाशी काही वाटत नव्हतं.

पण घरात खरोखर कुणी राहतच नसतं असं नाही. माणूस गेल्यापासून तिथे बिऱ्हाडं उतरत असतात, आणि त्यांचा क्रमही बहुधा ठरलेला असतो. आमच्याकडे सुरुवात माकडांपासून. एखादं कौल सरकतं किंवा फुटतं. राहत्या घरात पावसाआधी शाकारणी होते, फुटकं कौल बदललं जातं, विषय संपतो. बंद घरात पहिल्या पावसाचं पाणी थेट वाशावर. भिजलेलं लाकूड म्हणजे बुरशीला आमंत्रण. मग जमिनीतून वाळवी मातीचे बोगदे बांधत वर चढते. हे बोगदे तिला ओलावा टिकवायला लागतात, कारण उघड्या कोरड्या हवेत ती तग धरत नाही. वासा आतून पोकळ होतो, वरून रंगासकट शाबूत दिसतो. एक वासा खचला की रिपा सुटतात, कौलं घसरतात आणि भोक दाराएवढं होतं. मातीच्या जोडणीतली चिऱ्याची भिंत छपराखाली शंभर वर्षं उभी राहील, छपराविना काही पावसाळे. घराला मारतो तो काळ नव्हे, पाणी. काळ फक्त त्याला वेळ देतो.

पुढचं बिऱ्हाड पिंपळाचं. पक्षी आणि वटवाघळं फळं खातात, विष्ठेतून मोहरीहून बारीक बिया भिंतीच्या फटीत पडतात. चुन्याच्या जोडात ओल टिकलेली असते, मूळ तिच्या मागे जातं, फट रुंदावते, आणखी पाणी शिरतं, मूळ आणखी आत. काही वर्षांनी भिंत झाडाला धरून असते की झाड भिंतीला, हे सांगता येत नाही.

आणि तो वास! बंद घर उघडल्यावर येणारा मातकट, कोंदट वास. त्यात बुरशीने सोडलेली द्रव्यं असतात आणि ओल्या मातीतल्या जिवाणूंचं ‘जिओस्मिन’ही. पहिल्या पावसाच्या वासात असतं तेच. याला आपलं नाक कमालीचं तिखट आहे: पाण्याच्या एक लाख कोटी भागांत पाच-दहा भाग असले तरी जाणवतं. इतर संवेदना मेंदूतल्या एका मधल्या ठाण्यावरून पुढे जातात, वास मात्र जवळजवळ थेट भावना आणि स्मरणाच्या भागांशी पोचतो. त्यामुळे असं कुठलंही घर मला आधी आजोळ वाटतं आणि मग ओसाड.

सिमेंटचं घर टिकेल असं वाटत असेल, तर नागासाकीजवळच्या हाशिमा बेटाकडे पाहावं. समुद्राखालच्या कोळशाच्या खाणीसाठी वसवलेलं हे बेट जेमतेम ६.३ हेक्टर. १९५९ साली त्यावर ५,२५९ माणसं राहत होती. १९१६ मध्ये तिथे सात मजली काँक्रीटची चाळ उभी राहिली, जपानमधली तशी पहिली मोठी इमारत. जानेवारी १९७४ मध्ये खाण बंद झाली आणि एप्रिलपर्यंत बेट रिकामं. ताजं काँक्रीट अल्कधर्मी असतं, त्यामुळे आतल्या सळईवर संरक्षक थर टिकतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं झिरपत तो अल्कपणा कमी करतो, खारं वारं क्षार आत पोचवतं आणि सळई गंजते. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा मागतो. मिळत नाही, म्हणून काँक्रीट आतून फोडतो. हाशिमाच्या चाळी समुद्राने जेवढ्या बाहेरून झोडपल्या, तेवढ्याच त्या आतून फुगून फुटल्या.

हाशिमाचे फोटो फार देखणे असतात, आणि तिथेच मला थोडं खटकतं. त्या खाणीत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कोरियन आणि चिनी मजुरांना सक्तीने राबवलं गेलं. फोटोतल्या शेवाळाला ते ठाऊक नसतं. आपल्याकडेही बंद गिरणीच्या आवारात लग्नाआधीचे फोटो काढणाऱ्या जोडप्यांना १९८२ चा संप आठवण्याचं कारण नाही, पण ज्याच्या घरात त्या संपानंतर चूल मंदावली, त्याला गिरणीची ती चिमणी ‘पार्श्वभूमी’ म्हणून बघता येत नाही.

धोक्यांबद्दल दोन शब्द, कारण आम्ही मूर्ख होतो. वटवाघळांच्या विष्ठेत वाढणारी हिस्टोप्लाझ्मा नावाची बुरशी धुळीबरोबर फुप्फुसात जाऊ शकते. उंदरांच्या मुतातून लेप्टो होतो. फुरसं दगडाच्या रंगाचं असतं. आणि पोकळ वाशाची गोष्ट वर आलीच आहे. मालकाला विचारून, दिवसाउजेडी, सोबत घेऊन जावं.

गोव्यात सांगे तालुक्यात कुर्डी नावाचं गाव होतं, गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकरांचं. साळावली धरणाच्या पाण्याखाली ते १९८६ मध्ये गेलं. दर मे महिन्यात पाणी ओसरलं की गाव वर येतं: घरांची जोती, वाळलेल्या झाडांचे बुंधे, तडकलेला गाळ. तेव्हा विस्थापित कुटुंबं तिथे जमतात, सोमेश्वराचा उत्सव होतो, ख्रिस्ती मंडळी आपल्या कपेलाचा सण करतात. ओसाड जागा बघायला येणाऱ्या पाहुण्यांची आणि या लोकांची चाल वेगळी असते. पाहुणा थांबत, वाकून बघत, वळणाशी रेंगाळत चालतो. इथला माणूस भिंत नसलेल्या घरातही दारातूनच आत जातो. त्याच्या डोक्यात फट नाही, पूर्ण घर आहे.

हे मी आधी पाहिलेलं होतं. आमच्या चौथ्या उन्हाळ्यात त्या बंद घरातले काका डोंबिवलीहून आले, जमिनीच्या कागदांच्या कामाला. मामाने त्यांच्याबरोबर आम्हाला कोयता घेऊन धाडलं, रान साफ करायला. काकांनी कुलूप काढलं, अंधारात न चाचपडता थेट माजघरात गेले, पंचा दोरीवरून काढून खांद्यावर टाकला. मामेभावाने धीर करून चुलीमागच्या रेघा दाखवल्या.

“ह्या होय? जळणाच्या मोळ्या. खालच्या वाडीतली एक बाई आणून टाकायची. पैसे दिले की आई गोल करायची.”

मामेभावाचा चेहरा पडला. काका मात्र भिंतीजवळ सरकले, चष्मा वर करून शेवटच्या रेघा बोटाने मोजल्या आणि मामाच्या घराच्या दिशेने वळून विचारलं, “ती बाई आहे का रे अजून? सात मोळ्यांचे राहिलेत.”