आर्क का ई-आर्क? रिसीव्हर जुना होणार का नाही ते इथे ठरतं

"आत्ता रिसीव्हर घेतला तर दोन वर्षांत भंगार होईल का हो?" घोडबंदर रोडला नाहीतर खारघरला नवीन फ्लॅटची चावी मिळाली की हा प्रश्न ठरलेला, कारण नेमका तेव्हाच इंटिरियरवाला विचारतो की टीव्हीच्या भिंतीतून किती पाईप टाकायचे, आणि घरातल्या एकाला होम थिएटर आठवतं. रिसीव्हर म्हणजे त्यातला मुख्य डबा, सगळ्या स्पीकरना आवाज देणारा. मग सगळे एचडीएमआयचे आकडे बघत बसतात, २.० का २.१, ८के आहे का नाही. मी म्हणतो तो आकडा राहू दे बाजूला, आधी टीव्ही आणि रिसीव्हर दोन्हींच्या मागे बघा की पोर्टजवळ आर्क (ARC) लिहिलंय का ई-आर्क (eARC), म्हणजे टीव्हीचा आवाज एचडीएमआय वायरनेच मागे रिसीव्हरकडे आणायची सोय. दुकानात दोन्ही एकच म्हणून सांगतात, "हो सर, आर्क आहे, सगळं चालतं", आणि आपण पण मान डोलावतो.

रिसीव्हरच्या डब्यात दोन वेगळी कामं चालतात. एक आवाजाचं, म्हणजे ॲम्प्लिफायर आणि डॉल्बी-डीटीएसचं डिकोडिंग. हे सहसा लवकर जुनं होत नाही. ॲटमॉस, म्हणजे डॉल्बीचा डोक्यावरूनही येणारा आवाज, घरच्या रिसीव्हरमध्ये आलं २०१४ ला, डीटीएस कंपनीचं तसंच डीटीएस एक्स २०१५ ला, आणि आजही नवीन मॉडेल घ्यायला गेलात तरी मुख्य हीच दोन नावं सांगतात. दुसरं काम व्हिडिओचं, म्हणजे सेट टॉप बॉक्स, प्लेस्टेशन, ब्लू-रे सगळं रिसीव्हरला लावायचं आणि तिथून एक वायर टीव्हीला. जुनं होतं ते हे. एचडीएमआय २.० आलं २०१३ ला सेकंदाला १८ गिगाबिट घेऊन, २.१ आलं २०१७ ला ४८ घेऊन, आणि जानेवारी २०२५ ला २.२ जाहीर पण झालं, ९६ गिगाबिटचं. मधे २०१४ च्या आसपास ४के लिहिलेले असे रिसीव्हर विकले गेले ज्यांत एचडीसीपी २.२ (पिक्चरची कॉपी होऊ नये म्हणून असलेलं कुलूप) नव्हतं, म्हणजे खोक्यावर ४के आणि खऱ्या ४के पिक्चरचा सिग्नल आतून पुढे जाईना. २०२० ला तर कहरच, डेनॉन, मरांट्झ, यामाहाच्या पहिल्या पहिल्या २.१ रिसीव्हरमध्ये चिपचाच घोळ निघाला आणि एक्सबॉक्स सिरीज एक्सचं ४के १२० हर्ट्झ त्यातून नीट जाईना, नंतर कुणी जोडायला वेगळी डबी दिली, कुणी बोर्ड बदलून दिलं. म्हणजे ज्यांनी "फ्युचर प्रूफ" म्हणून सगळ्यात नवीन घेतला तेच अडकले.

मग सुटका अशी की व्हिडिओचं काम रिसीव्हरला द्यायचंच नाही. सगळे डबे सरळ टीव्हीला लावा, आणि टीव्हीतून फक्त आवाज एका एचडीएमआय वायरने मागे रिसीव्हरकडे आणा. उद्या टीव्ही बदलला, नवीन कन्सोल आला, ८के आलं, रिसीव्हरला काय फरक पडतो, त्याला चित्र दिसतच नाही. पण हे जमायला तो मागे येणारा रस्ता पुरेसा रुंद पाहिजे, आणि आर्क आणि ई-आर्कमध्ये फरक नेमका इथेच आहे.

आर्क २००९ च्या एचडीएमआय १.४ बरोबर आलं. त्यातून सेकंदाला साधारण १ मेगाबिट आवाज जातो, जुन्या ऑप्टिकल वायरएवढाच म्हणा ना. त्यात साधा डॉल्बी डिजिटल ५.१ बसतो, डॉल्बी डिजिटल प्लस पण बसतो. ई-आर्क आलं २.१ बरोबर, त्यात साधारण ३७ मेगाबिट. आता ब्लू-रे डिस्कवरचा पूर्ण दर्जाचा आवाज, डॉल्बी ट्रूएचडी, १८ मेगाबिटपर्यंत जाऊ शकतो, तो आर्कमध्ये कसा मावणार. ई-आर्कमध्ये तो जातो, डीटीएस एचडी मास्टर जातं, ७.१ अनकॉम्प्रेस्ड, म्हणजे न दाबलेला आवाज, जातो.

इथे एक गैरसमज सगळीकडे दिसतो, तो म्हणजे ॲटमॉसला ई-आर्क लागतंच. नाही लागत. नेटफ्लिक्सचं ॲटमॉस डॉल्बी डिजिटल प्लसमध्ये येतं, ७६८ किलोबिटपर्यंत, टीव्हीने ते पुढे सोडलं तर साध्या आर्कवर पण व्यवस्थित चालतं. त्यामुळे ज्यांच्या घरी टीव्हीतले ॲप आणि मॅच एवढंच बघतात त्यांना आर्क आणि ई-आर्कमधला फरक कानाला कळेल असं मला वाटत नाही. फरक पडतो तो ब्लू-रे असेल तेव्हा, आणि ॲपल टीव्ही किंवा पीएस५ टीव्हीला लावला तेव्हा, कारण हे डबे ॲटमॉस वेगळ्या पद्धतीने पाठवतात, अनकॉम्प्रेस्ड आवाजासोबत, आणि तो आर्कच्या आवाक्याबाहेर. मग लोक ग्रुपवर लिहितात की ॲटमॉस लागतच नाही, रिसीव्हर खराब आहे. रिसीव्हर बिचारा ठीक असतो.

दुसरा फरक रोजच्या वापरातला, आणि खरं सांगायचं तर मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. आर्क सीईसीवर, म्हणजे एचडीएमआयमधून एका डब्याने दुसऱ्याला चालू-बंद करायच्या सोयीवर, अवलंबून असतं, तेच ज्याला सॅमसंग ॲनीनेट प्लस म्हणतं, एलजी सिम्पलिंक, सोनी ब्राव्हिया सिंक. सीईसी म्हणजे मूड असेल तर काम करणारी गोष्ट, आज टीव्ही लावला की रिसीव्हर चालू, उद्या आवाज टीव्हीच्याच स्पीकरमधून, मग सगळ्यांची प्लग काढा-लावा सुरू. ई-आर्कची बोलणी करायची स्वतःची लाईन असते आणि ओठ-आवाज जुळवणं त्यात सक्तीचं आहे, आर्कमध्ये तसं नाही. आई सिरियल बघताना "तोंड आधी हलतं आणि आवाज मागून येतो" म्हणते ना, तो त्रास ई-आर्कवर बराच कमी.

आता भिंतीतली वायर. ई-आर्क त्याच पिनांवरून जातं ज्यावरून आर्क जातं, त्यामुळे इथरनेटवाली चांगली जुनी हायस्पीड केबल बऱ्याचदा चालून जाते. पण लांब अंतर म्हणून फायबरवाली ॲक्टिव्ह केबल टाकणार असाल तर पाकिटावर ई-आर्क लिहिलंय का ते बघूनच टाका, सगळ्यांत ती लाईन नसते, आणि फायबरच्या केबलला दिशा असते, एक टोक सोर्सला (इथे रिसीव्हर) आणि एक टीव्हीला, उलटी टाकली की पीओपी फोडायची वेळ. पाईप जरा मोठा टाका एवढंच माझं म्हणणं, वायर नंतर ओढता येते.

दोन्ही बाजूला ई-आर्क पाहिजे हे वेगळं सांगायला नको, एकीकडे नुसतं आर्क असेल तर दोघं आर्कवरच येतात. टीव्हीला ई-आर्कचं पोर्ट सहसा एकच असतं, आणि बऱ्याच टीव्हींत तेच पोर्ट ४के १२० वालं पण असतं, म्हणजे गेमिंगवाल्यांचं एक चांगलं पोर्ट रिसीव्हरने खाल्लं. आणि टीव्ही पण मधे टांग अडवू शकतो, सॅमसंगच्या टीव्हीत २०१८ पासून डीटीएस नाही, तेव्हा डीटीएसचा साठा असेल तर प्लेअर सरळ रिसीव्हरलाच लावायचा.

सेकंडहँड बघताय, मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात किंवा कुणाच्या घरचा, तर एक गंमत लक्षात ठेवा. २०१८-१९ च्या सुमाराला काही कंपन्यांनी २.० वाल्या रिसीव्हरला सॉफ्टवेअर अपडेटने ई-आर्क दिलं होतं. असा पीस मिळाला तर ८के नाही म्हणून नाक मुरडू नका, टीव्हीला जोडून मेनूत ई-आर्क चालू होतंय का ते विकणाऱ्यासमोरच बघा आणि घासाघीस करा. नवीन घेताना पण ८के पोर्ट किती यापेक्षा चॅनेल किती (म्हणजे किती स्पीकर चालवता येतात) आणि ॲम्प कसा यावर पैसे टाका.

प्रोजेक्टरवाल्यांना मात्र हे सगळं लागू नाही. बहुतेक प्रोजेक्टरला ई-आर्क नसतंच, तिथे चित्र रिसीव्हरमधूनच जाणार, त्यामुळे तुम्हाला आकडे बघावेच लागतील. पिक्चर आणि मॅच एवढंच असेल तर ४के ६० ला १८ गिगाबिट पुरतात. कन्सोल १२० वर खेळायचा असेल तर पोर्टजवळ ४० गिगाबिट लिहिलेलं मॉडेल घ्या, आणि पैसे द्यायच्या आधी स्वतःचा कन्सोल दुकानात नेऊन लावून बघा.