भिंतीतला पीव्हीसी पाइप आणि अर्थिंगचा लोखंडी पाइप

गॅरेजची खोली करायला घेतली की वायरमन सांगतो, "सगळं पाइपातून कन्सील्ड घेतो, काळजी नको." घरमालक निश्चिंत होतो. कुठल्या पाइपातून, हे विचारायचं राहून जातं आणि प्लॅस्टर चढल्यावर विचारून उपयोग नसतो. पीव्हीसी पाइप वायरला गवंड्यापासून वाचवतो. ड्रिलपासून वाचवायचं असेल तर अर्थिंग जोडलेला लोखंडी पाइपच लागतो. हे दोन्ही पाइप एकाच कामाचे समजले जातात, तिथे घोळ होतो.

पीव्हीसीचं काम कमी महत्त्वाचं नाही. थापीचा घाव, ओलं सिमेंट, विटेची धार यांपासून तो वायर जपतो आणि दहा वर्षांनी भिंत न फोडता जुनी वायर ओढून नवी घालता येते. आयएस ९५३७ भाग ३ चा आयएसआय शिक्का पाहून घ्या आणि मीडियमऐवजी हेवी घ्या, म्हणजे प्लॅस्टर करताना तो चेपणार नाही. पण हेवी म्हणजे ड्रिलला अडवणारा, असा अर्थ काढू नका. ६ मिमीचं बिट मीडियम आणि हेवी दोन्हींतून सारखंच आरपार जातं, हाताला कळतही नाही.

हिशेब साधा आहे. आतलं प्लॅस्टर १२ ते १५ मिमी, त्याच्या लगेच मागे पाइप. फळीसाठी गिट्टी मारून घातलेला दीड इंची स्क्रू ३८ मिमीचा. तो पाइपापर्यंत पोचतोच. स्क्रू फेज आणि न्यूट्रल दोन्हींत घुसला तर शॉर्ट होऊन एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप बंद होणारा स्विच) पडते. तो प्रकार त्यातल्या त्यात बरा, कारण लगेच कळतो. स्क्रू फक्त फेजला लागला तर काहीच होत नाही. एमसीबी पडत नाही, दिवा चालू राहतो आणि भिंतीवरची फळीची लोखंडी पट्टी २३० व्होल्टला जिवंत होते. मे महिन्यात कोरड्या भिंतीवर हे लपून राहतं. जुलैत भिंत ओल धरते, करंटची गळती सुरू होते आणि आरसीसीबी (करंट गळला की पुरवठा तोडणारा स्विच) रात्री-अपरात्री पडू लागते. मग कुणीतरी "आरसीसीबी खराब आहे" म्हणून ती बायपास करतो. ही चूक जिवावर बेतते. पावसाळ्यात पडणारी आरसीसीबी भिंतीतल्या दुखापतीची खबर देत असते.

लोखंडी कन्ड्युटमध्ये, म्हणजे वायरच्या लोखंडी पाइपात, हाच प्रसंग वेगळा घडतो. बिट पत्र्यावर घसरतं, आवाज बदलतो, हात आपोआप थांबतो. तरीही कुणी जोर करून भोक पाडलंच, तर बिट एकाच वेळी फेजला आणि अर्थिंगच्या पाइपाला टेकतं आणि फॉल्ट त्याच क्षणी उघडा पडतो. संरक्षण जाडीइतकंच अर्थिंगमुळे मिळतं. म्हणून पीव्हीसीच्या लाइनमध्ये मधेच घातलेला, अर्थिंग न जोडलेला लोखंडी तुकडा फार वाईट. खिळा फेजमधून त्या तुकड्याला टेकला तर सगळा तुकडाच फेजवर येतो आणि कुणाला पत्ता लागत नाही. गवंडी पाइपावर कधीकधी पातळ पत्र्याची पट्टी ठोकतात. तिने थापी अडते, ड्रिल नाही.

अर्थिंग किती चांगलं हवं? सी कर्व्ह प्रकारची १६ अँपिअरची एमसीबी तत्काळ पडायची खात्री दहापट करंटला, म्हणजे १६० अँपिअरला. २३० भागिले १६०, म्हणजे फॉल्टच्या पूर्ण मार्गाचा रोध सुमारे १.४ ओमच्या आत पाहिजे. गॅरेजबाहेर स्वतंत्र रॉड ठोकून ५ ओम मिळाले तर करंट ४६ अँपिअरच होईल आणि एमसीबी लगेच पडणार नाही. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी मात्र पडेल. त्यामुळे लोखंडी पाइप घातला तरी आरसीसीबी हवीच, आणि महिन्यातून एकदा तिचं टेस्टचं बटण दाबायला हवं.

लोखंडी पाइपाच्या अडचणी मुंबईत जरा जास्त. खारी हवा आणि ओल यांत काळा एनॅमलचा पाइप आट्यांपाशी गंजतो आणि पाइपातून जाणारं अर्थिंग तुटतं. गॅल्व्हनाइज्ड कन्ड्युट घ्या, आयएस ९५३७ भाग २ चा, आणि आतून वेगळी हिरवी वायर ओढून प्रत्येक बॉक्सला लग लावून कसा. पाइपाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मल्टिमीटर एका ओमच्या आत दाखवायला हवा. कापलेली कड गोल कानशीने घासून टोकाला बुश लावा. नाहीतर वायर ओढतानाच तिचं इन्सुलेशन सोलून निघतं. आणखी एक: एका सर्किटची फेज आणि न्यूट्रल एकाच लोखंडी पाइपातून गेली पाहिजेत. दोन्ही वेगळ्या पाइपांतून नेल्या तर पाइप तापतो. पीव्हीसीत ही भानगड नसते.

गॅरेजच्या भिंती बऱ्याचदा साडेचार इंची असतात. अशा भिंतीत उभी खाच जाडीच्या एक तृतीयांश, म्हणजे ३८ मिमीपर्यंत चालते. आडवी एक षष्ठांश, जेमतेम १९ मिमी. २५ मिमीचा पाइप आडवा बसवायला जागाच नाही. आडवी लाइन छताजवळून, फॉल्स सीलिंगच्या वरून न्या आणि प्रत्येक स्विचबोर्डावर सरळ उभी उतरवा. तिरपी लाइन कधीच नको, कारण पुढे ड्रिल मारणारा माणूस बोर्डाच्या वर-खाली वायर असेल एवढंच गृहीत धरतो. ब्रिटनच्या बीएस ७६७१ नियमातही भिंतीत ५० मिमीपेक्षा उथळ केबल अशा ठरलेल्या पट्ट्यांतूनच नेतात, नाहीतर अर्थिंगच्या धातूचं आवरण द्यावं लागतं.

सगळीकडे लोखंडी पाइप घालायची गरज नाही. पडद्याचा रॉड, टीव्ही, एसीचं ब्रॅकेट, फळ्या आणि कपाट जिथे येणार तिथून लाइन जात असेल आणि वळवता येत नसेल, तेवढ्या भागाला लोखंडी पाइप, बाकी हेवी पीव्हीसी. एसीला ४ चौरस मिमीची वायर आणि स्वतंत्र एमसीबी. गॅरेजमधली जुनी, एका ट्यूबलाइटपुरती लाइन नव्या खोलीला जोडू नका. महापालिकेची परवानगी आणि सोसायटीची संमती आधी घ्या, काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्या.

मेगर, म्हणजे वायरचं इन्सुलेशन तपासायचं मीटर, दोनदा लावायचा: वायर ओढल्यावर, आणि सुतार-रंगारी गेल्यावर, उपकरणं जोडण्याआधी. ५०० व्होल्ट डीसीवर फेज ते अर्थ आणि न्यूट्रल ते अर्थ किमान १ मेगाओम यायला हवा. नव्या वायरीत तो याहून कितीतरी जास्त येतो. दुसऱ्या वेळचा आकडा पहिल्यापेक्षा खूप घसरला असेल, तर मधल्या दिवसांत बहुधा कुणाचा तरी स्क्रू वायरला लागला आहे. पीव्हीसी पाइपात फेजमध्ये शिरलेला स्क्रू कोरड्या भिंतीत मेगरला दिसत नाही, कारण तो अर्थला टेकलेला नसतो. लोखंडी पाइपात तो लगेच दिसतो. म्हणून पीव्हीसीच्या भिंतींची तिसरी चाचणी पहिल्या जोरदार पावसानंतर, मेन बंद करून आणि उपकरणं काढून घ्या.