सेल्टिक फुटबॉल क्लबचा १९६६–६७ चा हंगाम

स्कॉटलंडमधील ग्लासगो येथील सेल्टिक या व्यावसायिक फुटबॉल क्लबने १९६६–६७ च्या हंगामात भाग घेतलेल्या पाचही प्रमुख स्पर्धा जिंकल्या. त्यांत स्कॉटिश लीग, स्कॉटिश कप, लीग कप आणि ग्लासगो कप या देशांतर्गत स्पर्धा होत्या. पाचवी स्पर्धा युरोपीय विजेत्या क्लबांची, म्हणजे युरोपियन कप. ग्लासगो कप ही शहरापुरती स्पर्धा असल्याने ती या हिशेबात धरावी की नाही, असा प्रश्न कोणी उपस्थित करू शकेल. पण ती वगळली तरी हंगामाचे मोल कमी होत नाही. युरोपियन कप जिंकणारा सेल्टिक हा पहिला ब्रिटिश क्लब ठरला.

क्लबची स्थापना १८८७ साली ग्लासगोच्या पूर्व भागातील गरीब आयरिश स्थलांतरितांना मदत करण्याच्या हेतूने झाली. मार्च १९६५ मध्ये जॉक स्टीन व्यवस्थापक म्हणून रुजू झाले. ते मूळचे खाणकामगार आणि सेल्टिकचेच माजी कर्णधार. १९६५–६६ ची लीग जिंकल्यामुळे संघाला युरोपियन कपमध्ये प्रथमच प्रवेश मिळाला. १९६६ च्या उन्हाळ्यात संघ उत्तर अमेरिकेच्या दौऱ्यावर गेला असताना स्टीन यांनी बर्टी ऑल्ड याला डाव्या बगलेवरून मधल्या फळीत आणून बॉबी मर्डॉकच्या जोडीला खेळवले, आणि पुढच्या वर्षभरातील आक्रमणाची सूत्रे याच दोघांच्या हाती राहिली.

लीग कपच्या अंतिम सामन्यात २९ ऑक्टोबर १९६६ रोजी बॉबी लेनक्सच्या गोलवर शहरातील परंपरागत प्रतिस्पर्धी रेंजर्सचा १–० असा पराभव झाला. त्यानंतर थोड्याच दिवसांत पार्टिक थिसलला ४–० असे हरवून ग्लासगो कपही मिळाला. डिसेंबरअखेर मात्र संघाला मोठा धक्का बसला. तोपर्यंत ३५ गोल केलेला जो मॅकब्राइड गुडघ्याच्या दुखापतीमुळे उरलेल्या हंगामाला मुकला. हार्ट्स क्लबकडून नुकताच घेतलेला विली वॉलेस हाताशी होता, म्हणून आघाडीची फळी खिळखिळी झाली नाही. स्कॉटिश कपच्या अंतिम सामन्यात ॲबर्डीनविरुद्धचे दोन्ही गोल (२–०, २९ एप्रिल १९६७) वॉलेसचेच होते.

लीगमधील ३४ सामन्यांपैकी सेल्टिकने २६ जिंकले, ६ बरोबरीत सोडवले आणि २ गमावले. १११ गोल केले, ३३ स्वीकारले. दोन्ही पराभव डंडी युनायटेडकडून आणि दोन्ही ३–२ असेच झाले. विजयाला दोन गुण देण्याच्या त्या काळातील पद्धतीनुसार सेल्टिकचे ५८ गुण झाले. रेंजर्स अवघ्या तीन गुणांनी मागे राहिले, यावरून ही शर्यत एकतर्फी नव्हती हे दिसते. विजेतेपद निश्चित झाले ते ६ मे रोजी, खुद्द रेंजर्सच्या आयब्रॉक्स मैदानावरील २–२ बरोबरीने. सेल्टिकचे दोन्ही गोल उजव्या बगलेवरील जिमी जॉनस्टनने केले. युरोपियन कपच्या अंतिम फेरीतील प्रतिस्पर्धी, इटलीच्या इंटर मिलानचे प्रशिक्षक हेलेनियो एरेरा हे त्या दिवशी प्रेक्षकांत होते.

युरोपियन कपमध्ये अंतिम सामन्याआधीच्या प्रत्येक फेरीत दोन सामने होत आणि दोन्हींतील एकूण गोल मोजले जात. झुरिक (२–०, ३–०) आणि नांत (३–१, ३–१) यांच्यावर मात करणे फारसे जड गेले नाही. खरी कसोटी लागली ती उपांत्यपूर्व फेरीत. युगोस्लाव्हियाच्या वोयवोदिना संघाने नोवी साद येथील पहिला सामना १–० असा जिंकला. ग्लासगोतील दुसऱ्या सामन्यात स्टीव्ही चाल्मर्सने एकूण गोलांत बरोबरी साधली, पण नंतर वेळ सरत चालली आणि तटस्थ मैदानावर, रॉटरडॅममध्ये, तिसरा सामना खेळावा लागणार असे दिसू लागले. अगदी शेवटच्या मिनिटाला चार्ली गॅलाघरने घेतलेल्या कॉर्नरवर कर्णधार बिली मॅकनील याने डोक्याने गोल केला. उपांत्य फेरीत दुक्ला प्रागविरुद्ध ३–१ ची आघाडी घेतल्यानंतर परतीच्या सामन्यात स्टीन यांनी संपूर्ण संघ बचावात गुंतवला आणि ०–० वर समाधान मानले. त्यांच्या एरवीच्या खेळाशी हे अगदीच विसंगत होते.

अंतिम सामना २५ मे १९६७ रोजी लिस्बनच्या राष्ट्रीय मैदानावर झाला. १९६४ व १९६५ चे विजेते इंटर मिलान ‘कातेनाच्चो’ या बचावपद्धतीसाठी ओळखले जात. या इटालियन शब्दाचा अर्थ दाराचा अडसर असा आहे. जिम क्रेगने कापेलिनीला पाडल्यामुळे मिळालेल्या पेनल्टीवर सातव्याच मिनिटाला मात्सोलाने गोल केला आणि इंटरने अडसर लावून घेतला. त्यानंतर सेल्टिकची आक्रमणे एकामागून एक सुरू राहिली. ऑल्ड आणि टॉमी गेमेल यांचे फटके आडव्या खांबावर आदळले. गोलरक्षक सार्तीने अनेक गोल वाचवले. ६३ व्या मिनिटाला क्रेगच्याच पासवर गेमेलने दुरून बरोबरीचा गोल केला. एक बचावपटू पास देतो आणि दुसरा गोल करतो, यात स्टीन यांची सारी पद्धत उघड होते: बगलेच्या बचावपटूंना पुढे जाण्याची मोकळीक असल्यामुळे माणसामागे माणूस लावणाऱ्या इंटरला कोणाला रोखावे हे कळेनासे झाले. शेवटची काही मिनिटे उरली असताना मर्डॉकच्या फटक्याला चाल्मर्सने जवळून दिशा दिली आणि सामना २–१ असा संपला. हा योगायोग नव्हता. सरावात ही चाल घोटून घेतलेली होती.

सिम्पसन, क्रेग, गेमेल, मर्डॉक, मॅकनील, क्लार्क, जॉनस्टन, वॉलेस, चाल्मर्स, ऑल्ड आणि लेनक्स हे अकरा खेळाडू पुढे ‘लिस्बन लायन्स’ म्हणून ओळखले गेले. सर्वांचा जन्म क्लबच्या सेल्टिक पार्क या मैदानापासून सुमारे ३० मैलांच्या आत झालेला होता. सर्वांत दूरचा लेनक्स, सॉल्टकोट्सचा. गोलरक्षक रॉनी सिम्पसन त्या वेळी ३६ वर्षांचा होता.

लीगचे विजेतेपद सेल्टिकने १९७४ पर्यंत सलग नऊ वेळा राखले. युरोपियन कप मात्र पुढच्याच हंगामात, पहिल्याच फेरीत डायनॅमो कीव्हकडून हरल्यामुळे हातचा गेला.