शिवा केशवननं तिरंगा सोडला नव्हता

नागपुरात हिवाळी ऑलिम्पिकचा विषय निघाला की फुटाळ्यावर चहा पिताना कोणीतरी हमखास म्हणतो, "तो ल्यूजवाला केशवन? सोचीत भारत सोडून खेळला ना!" (ल्यूज म्हणजे बर्फाच्या उतरत्या ट्रॅकवर घसरगाडीवर पाठीवर झोपून करायची शर्यत.) हे ऐकलं की जीव तुटतो, कारण ते साफ चुकीचं आहे.

आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीनं डिसेंबर २०१२ मध्ये भारतीय ऑलिम्पिक संघटनेला निलंबित केलं. कारण होतं संघटनेच्या निवडणुकीतला घोळ. म्हणून फेब्रुवारी २०१४ मध्ये रशियातल्या सोचीच्या हिवाळी ऑलिम्पिकला शिवा तिरंग्याऐवजी ऑलिम्पिकच्या झेंड्याखाली उतरला. त्याची शर्यत ८ आणि ९ तारखेला झाली, निलंबन उठलं ११ला. दोन दिवसांचा फरक! पदाधिकाऱ्यांच्या चुकीचं खापर खेळाडूच्या माथी का?

आणि देश सोडायचाच असता, तर आई इटलीची होती, वाट मोकळी होती. पण मनालीजवळच्या वशिष्ठचा हा मुलगा १९९८ ला सोळाव्या वर्षी नागानोत भारताकडून उतरला तो २०१८ च्या प्योंगचांगपर्यंत, सलग सहा ऑलिम्पिक. देशात बर्फाचा ट्रॅक नाही, म्हणून घसरगाडीला चाकं लावून हिमालयातल्या डांबरी रस्त्यांवर, ट्रक-गाड्या चुकवत सराव! २०११ ला ल्यूजच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण, पुढच्या वर्षी पुन्हा. २०२० ला अर्जुन पुरस्कार मिळाला, फार उशिरा.